आडवं झाल्यावर वाढतं का?

बाळंतिणीचं डोकं दुखू लागलं की त्याचं कारण घरात प्रत्येकाकडे तयार असतं. आई म्हणते, जागरणाने. आजी म्हणते, कान न बांधता न्हाणीतून बाहेर आली, वारं लागलं. शेजारीण मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगते. नवरा फोनवरून सांगतो, मोबाइल बघू नकोस. सिझेरियन झालेलं असेल तर विचारूच नका, पाठीत दिलेल्या सुईवर सगळ्यांचं एकमत. नजरेचं सोडलं तर ही कारणं तशी खोटी नसतात. जागरणाने डोकं दुखतंच, रक्त कमी असलं तरी दुखतं, सुईनेही दुखतं. बाळंतपणानंतर डोकं दुखणाऱ्या बहुतेकींचं दुखणं असल्याच कारणाचं असतं आणि आपोआप थांबतं. म्हणूनच ज्या एखादीचं तसं नसतं, ती या गर्दीत सापडत नाही. कारण इतकं हाताशी असतं की तिला काही विचारावं असं कुणाच्या मनातच येत नाही.

माझ्या ताईची मुलगी पहिलटकरीण. माहेर तासगाव तालुक्यातलं, दिवस ऐन वैशाखाचे. सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. ताईच्या घरात बाळंतपण अजून रीतसर होतं. खोलीची खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, कानाला फडकं. जेवणात बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसूण, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर. आणि पाणी मोजून. तेही ओवा घालून उकळलेलं, फुलपात्रातून, मागेल तेव्हा नव्हे तर द्यायचं तेव्हा. बाळंतीण जास्त पाणी प्यायली तर तिचं पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला पडसं होतं, अशी तीन कारणं आजीकडे होती. बाहेर द्राक्षबागेत काम करणारी माणसंसुद्धा अकरा वाजता सावलीला येऊन बसत होती, आणि ही पोर बंद खोलीत निखाऱ्यांवर घाम गाळत होती.

मी बारशाला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. भाची भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. रात्रीही ती अशीच बसून असते, बसूनच डुलक्या घेते, असं ताईने मला कौतुकाने सांगितलं. ‘एवढीशी पोर आमची, पण बाळाच्या काळजीनं पाठ टेकत नाही बघ.’ पाहुण्या बायकांनीही माना डोलावल्या. आईपणाचं कौतुक आपल्याकडे फार लवकर सुरू होतं आणि त्याखाली बरंच काही झाकलं जातं.

खरं काय ते कळलं न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईकडून. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून शेकणं, न्हाऊ घालणं हे तिचं पिढीजात काम. त्या सकाळी परसात हात धूत धूत ती ताईला म्हणाली, ‘वैनी, ह्या पोरीला मालिशला आडवी केली की कण्हती. बसवली की जरा गप हुती. सुई दिलेल्या बाया उलट्या असत्यात. त्यांना उठवत न्हाई, पडून ऱ्हायलं की बरं वाटतं. ही येगळीच हाय.’

एवढ्या माणसांच्या घरात हे एकाच बाईच्या लक्षात आलं, कारण भाचीला आडवं करण्याचं काम रोज तिच्याकडे होतं. बाकी सगळे बाळाकडे बघत होते. मी भाचीला विचारलं तर ती म्हणाली, ‘हो गं मावशी, झोपलं की डोकं फुटेल असं वाटतं. खोकला आला तरी. पहाटे सगळ्यात जास्त. पण सगळे म्हणतात सुईचं आहे, जाईल.’

त्या बाईच्या बोलण्यात केवढं शास्त्र होतं ते मला नंतर वाचताना कळलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची पद्धत जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर नावाच्या शल्यचिकित्सकाने १८९८ मध्ये सुरू केली. औषध कसं लागू पडतं ते स्वतःवरच बघावं म्हणून त्याने आपल्या साहाय्यकाला, हिल्डब्रांटला, सुई टोचायला लावली. पिचकारीचं तोंड सुईला बसेना, आणि त्या झटापटीत बिअरच्या पाठीतलं पाणी बरंच गळून गेलं. मग भूमिका बदलल्या. हिल्डब्रांटला सुई दिली, ती लागू पडली, आणि बिअरने त्याच्या नडगीवर हातोडीने ठोकून, पेटत्या सिगारचे चटके देऊन खात्री करून घेतली. संध्याकाळी दोघांनी जेवण, वाइन, सिगार असा सोहळा केला. नंतर बिअरचं डोकं असं धरलं की नऊ दिवस त्याला अंथरूण सुटेना. त्याने नोंदवून ठेवलं आहे की आडवं झालं की दुखणं जातं, उठलं की येतं. मेंदूभोवतीचं पाणी सुईच्या भोकातून झिरपून कमी झालं की उभं राहिल्यावर मेंदूला आधार उरत नाही, आतली आवरणं ताणली जातात आणि दुखतं. म्हणून सुईच्या डोकेदुखीला पडून राहणं मानवतं. भाचीचं बरोबर उलटं होतं. तिच्या डोक्यात दाब कमी नव्हता, वाढत होता.

जिथे सिझेरियन झालं त्या डॉक्टरीणबाईंनी आधीच्या खेपेला सुईचंच निदान करून गोळ्या दिल्या होत्या. ‘आडवं झाल्यावर वाढतं’ हे ऐकल्यावर मात्र त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. रक्तदाब मोजला, तो ठीक होता. लगेच मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि आजच जा म्हणाल्या. गाडीची जुळवाजुळव चालू होती तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या भाचीचा उजवा हात उडू लागला, मग तोंड वाकडं झालं, मग सगळं अंग. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. आजीच्या तोंडून ‘बाळंतवात’ हा शब्द निघाला आणि बायका रडायलाच लागल्या. मला वाटतं आमच्या मागच्या पिढ्यांमध्ये ‘बाळंतवाताने गेली’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींना नेमकं काय झालं होतं हे कुणी बघितलेलंच नाही.

मिरजेला आधी साधा सीटी स्कॅन झाला. तो जवळजवळ नॉर्मल. घरच्यांचे चेहरे लगेच सैल झाले, आजी तर परत निघायची भाषा करू लागली. पण डॉक्टरांनी त्याआधीच छोट्या दुर्बिणीतून तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं आणि आतल्या पडद्यावर, मज्जातंतू जिथे डोळ्यात शिरतो तिथे सूज दिसली होती. या आजारात साधा सीटी पुष्कळदा काहीच दाखवत नाही. डोक्यातल्या शिरांचं चित्र घेणारा एमआर व्हेनोग्राम करावा लागतो. तो केला. मेंदूच्या वरून कपाळापासून मागपर्यंत जाणारी मोठी शीर पांढरी दिसायला हवी होती, ती मधूनच नाहीशी झालेली. आत रक्ताची गुठळी होती. सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, डॉक्टरांच्या तोंडी सीव्हीटी.

अर्धांगवायू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेंदूला रक्त नेणारी वाहिनी येते. ती बंद झाली की रक्त पोचत नाही. इथे बिघाड परतीच्या वाटेवर असतो. मोरीचं तोंड तुंबलं आणि नळ चालूच राहिला तर जे होईल ते मेंदूत होतं. रक्त येत राहतं, बाहेर पडायला वाट नाही, मागे तुंबून सूज येते, कधी तुंबलेल्या बारीक शिरा फुटून रक्तस्राव होतो. मेंदूभोवतीचं पाणीही त्याच मोठ्या शिरेत शोषलं जातं, तेही अडतं. आडवं झालं की डोक्यातून उतरणाऱ्या रक्ताला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही, दाब आणखी वाढतो. भाची बसून झोपत होती ती बाळासाठी नव्हे. तिच्या शरीराने सापडेल तो उपाय शोधला होता.

आणि हे बाळंतपणातच का? वार सुटल्यावर बाईने रक्तस्रावाने जाऊ नये म्हणून शरीर गरोदरपणातच रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवतं आणि गोठणं आवरणारे काही घटक, उदाहरणार्थ प्रोटीन एस, कमी करतं. बाळंत झाल्यावर ही तयारी लगेच आवरली जात नाही. पहिले सहा आठवडे धोका सगळ्यात जास्त, त्यानंतरही काही आठवडे थोडा उरतोच. त्यात सिझेरियनची शस्त्रक्रिया, एखादा जंतुसंसर्ग, अंगात रक्त कमी, आणि पाणी कमी. आपल्या सव्वा महिन्याचा हिशोब या धोक्याच्या काळाशी जवळपास जुळतो. कुणी ठरवला माहीत नाही, पण सव्वा महिना बाईला कामाला लावू नये, एकटं सोडू नये, रोज कुणीतरी तिच्या अंगाला हात लावावा, ही रीत मला सोन्यासारखी वाटते. त्याच रीतीत पाणी तोडण्याचा भाग कुठून घुसला देव जाणे. दूध पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं, उन्हाळ्यात तर लागतंच. एका पाण्यानेच गुठळी झाली असं कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. भाचीच्या डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही, पण घरात किती पाणी देता हे मात्र तीनदा विचारलं.

आजार नवा नाही. १८२८ मध्ये एडिंबऱ्याच्या जॉन ॲबरक्रॉम्बी या डॉक्टराने बाळंतपणानंतर डोकेदुखी आणि झटके येऊन गेलेल्या एका तरुण बाईची हकीकत लिहिली आहे. तिच्या शवविच्छेदनात हीच शीर गोठलेली सापडली होती. पुढची दीडशे वर्षं बहुतेक निदानं अशीच, बाई गेल्यावर होत राहिली. आपल्याकडे तमिळनाडूतले डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांतल्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हा आजार भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो हे जगाला कळलं. पुढे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि चित्र बदललं. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये आपल्याकडच्या ४२८ रुग्णांची माहिती छापली तेव्हा त्यात पुरुष निम्म्याहून थोडे जास्तच होते आणि बाळंतिणी दहात एक. म्हणजे परिस्थिती सुधारते आहे, पण त्या दहात एक असलेल्या बाईला याचा काही उपयोग नाही.

उपचाराची गोष्ट ऐकून ताई हादरली होती, कारण चित्रात थोडा रक्तस्रावही दिसत होता आणि डॉक्टर रक्त पातळ करायचं औषध द्यायचं म्हणत होते. मेंदूत रक्त सांडलंय आणि वर रक्त पातळ करायचं? हाच प्रश्न डॉक्टरमंडळींनाही अनेक वर्षं पडलेला होता. १९९१ मध्ये जर्मनीत आइनहॉयप्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांवर चाचणी घेतली. दहांना हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध, दहांना औषधच नसलेलं द्रावण. तीन महिन्यांनी हेपॅरिनवाल्या दहापैकी आठ पूर्ण बरे होते आणि मेलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दहांतले तीन गेले, पूर्ण बरा एकच झाला. चाचणी मधेच थांबवली. हेपॅरिन मिळालेल्यांपैकी काहींच्या मेंदूत आधीच रक्तस्राव होता, तेही तरले. वाट मोकळी झाली की मागचा तुंबारा उतरतो आणि फुटायचं थांबतं, हे त्यातून दिसलं. वीस माणसांवरची चाचणी तशी लहान, पण नंतरच्या अनुभवाने ती टिकली. २००४ साली २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात साधारण पाचातले चार जण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झालेले होते. मेंदूच्या इतक्या भयंकर दिसणाऱ्या आजारात हे प्रमाण ऐकून मला रडू आलं होतं.

पोटावर सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं सुरू झाली. हे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. भाचीची आजी माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला वर्ज्य. तिला मी हे सांगितलेलं नाही आणि तिने वाचायला चष्मा मागितला तरी हा लेख मी तिला देणार नाही.

खरी कसरत पुढे, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या सुरू झाल्यावर. या गोळीचा जन्म उत्तर अमेरिकेतल्या कुजलेल्या चाऱ्यात आहे. १९२०च्या दशकात तो खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंकने त्यातलं द्रव्य वेगळं केलं, त्यावरून आधी उंदरांचं विष आलं आणि मागून माणसांचं औषध. ते अंगावरच्या दुधातून बाळाला त्रास देत नाही, म्हणून पाजणाऱ्या आईला चालतं. पण ते के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतं, आणि के जीवनसत्त्व असतं हिरव्या पालेभाजीत. आता आमच्याकडे बाळंतिणीचं ताट म्हणजे काय? शेपू, मेथी, पालक. एका आठवड्यात आजीने प्रेमाने रोज शेपू घातली, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना घाबरून पालेभाजी बंदच केली, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर हा आकडा दोन ते तीनमध्ये हवा तो एकदा दीडवर आणि एकदा साडेचारवर. आहारतज्ज्ञ मुलीने शेवटी मार्ग काढला. भाजी बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची. ताईने शेपूची एक वाटी ठरवून टाकली. घरातलं मोजमाप पाण्यावरून भाजीवर आलं.

इथे एक सांगून ठेवते, कारण वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी बाळंतीण असेल. प्रत्येक वाईट डोकेदुखी हीच असते असं नाही. काहींना एका क्षणात, वीज कोसळावी तशी कळ येते आणि पुन्हा पुन्हा येते. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. कॉल आणि फ्लेमिंग या डॉक्टरांनी १९८८ मध्ये याचं वर्णन केलं. ते आवळणं बहुधा तीन महिन्यांत आपोआप सुटतं, पण मधल्या काळात रक्तस्राव किंवा अर्धांग होऊ शकतो. रक्तस्राव थांबवायला दिलेलं मेथर्जिन किंवा दूध आटवायला दिलेलं ब्रोमोक्रिप्टिन कधीकधी त्याला निमित्त होतं, म्हणून कुठली औषधं दिली ते कागद फेकू नयेत. दुसरा प्रकार रक्तदाबाचा. गरोदरपणात कधीच न वाढलेला दाब बाळंत झाल्यावर, घरी आल्यावर वाढू शकतो, डोळ्यांपुढे चमकतं, धूसर दिसतं, झटके येतात. तो ओळखायला फक्त रक्तदाबाचा पट्टा लागतो. आशाताई बाळाचं वजन करायला येतात तेव्हा आईच्या दंडालाही पट्टा लावून मागावा. माझ्या मते बाळाच्या वजनाच्या काट्याइतकीच त्याची सवय व्हायला हवी.

भाची बरी आहे. झटक्याची गोळी काही महिन्यांनी थांबली, वॉरफरिनही. अक्षर थोडं बिघडलंय असं तिचं म्हणणं, आम्हाला ते आधीही फार चांगलं वाटत नव्हतं. मध्यंतरी आरोग्य उपकेंद्रात पाळणा लांबवायला तिला माला-एनच्या गोळ्या देऊ केल्या. या आजारानंतर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घ्यायच्या नसतात. तिने फाइल पुढे केली, नर्सने पान उलटून वाचलं, पाकीट कपाटात परत ठेवलं आणि तांबीसाठी तारीख दिली.

दुसऱ्या मुलाचा विषय हल्ली निघतो. डॉक्टर म्हणाले हरकत नाही, पुन्हा तेच होण्याची शक्यता कमी आहे, पण गरोदरपणभर आणि नंतरचे सहा आठवडे पोटावर रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. जावई तयार आहेत, भाचीचं अजून ठरत नाही. आजीचं म्हणणं असं की पोर व्हायचंच असेल तर ते श्रावणात होईल असं बघा, म्हणजे उन्हाचा प्रश्नच नको, आणि मग शेगडी लावता येईल. शेगडी या घरात पुन्हा येणार नाही, असं ताईने त्यांना तोंडावर सांगितलं. वाद चालू आहे.